संभाव्यतेच्या तासाआधी

अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्रातली संभाव्यता शिकवायची असेल, तर तयारी फळ्यापासून नाही, बाजारापासून सुरू करावी. शंभर फासे लागतील. ल्यूडोचे चार डबे उघडून भागत नाही, पुण्यात रविवार पेठेतल्या घाऊक दुकानांत एकदम विचारावेत. येताना मंडईजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानातून दहा-बारा कवड्या घ्याव्यात. नाण्याला छापा-काटा निम्मे-निम्मे, हे मुलं न मोजताच मान्य करतात. कवडी उताणी पडेल की पालथी, हे मात्र टाकूनच बघावं लागतं. वीस वेळा टाकून येणारं गुणोत्तर आणि दोनशे वेळा टाकून येणारं, दोन्ही आदल्या दिवशी स्वतः काढून ठेवावीत.

फाशांचा प्रयोग किरणोत्साराचा, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यावा. इथे प्रत्येक फासा म्हणजे एक किरणोत्सारी अणू, आणि सहा पडणं म्हणजे त्याचा ऱ्हास. सगळे फासे टाकायचे, सहा पडलेले बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा टाकायचे. सरासरीनं १०० चे ८३ उरतात, मग ६९, ५८, ४८. म्हणजे अर्धायुकाल, निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे ३.८ फेका. हे आकडे आपल्या वहीतच राहू द्यावेत. तेच फासे आळीपाळीनं प्रत्येक गटाला द्यावेत. पहिल्या फेकीनंतर एकाचे ७९ उरतील, दुसऱ्याचे ८८, आणि मुलं ‘आमचं चुकलं’ म्हणून आकडे खोडायला लागतील. खोडू देऊ नयेत. पहिली काही वर्षं मी ते खोडू दिले, याचं आजही वाईट वाटतं. कारण तो फरक हाच खरा धडा होता. पहिल्या फेकीचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे पडतात ते, ३.७ येतं, ते गणित यानंतर करावं. एक प्रश्नही तयार ठेवावा: नऊ फेकांत वाचलेल्या फाशाला दहाव्या फेकीत जास्त धोका आहे का? वर्ग बहुधा ‘हो’ म्हणतो. किरणोत्सारी कार्बन-१४ चा अणू काल तयार झालेला असो की हजार वर्षांपूर्वी, त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षंच, हे तिथे सांगावं.

मैदानावर चुन्यानं समांतर रेघा आखून घ्याव्यात. मुलांनी मधल्या रेघेवर उभं राहून प्रत्येकी १६ वेळा नाणं उडवायचं, छाप्याला एक रेघ उजवीकडे, काट्याला डावीकडे. सरासरी स्थान शून्याजवळ येतं, मग मुलं म्हणतात, कोणी कुठं गेलंच नाही. तेव्हा प्रत्येकाच्या अंतराचा वर्ग करून त्या वर्गांची सरासरी काढायला लावावी. तिचं वर्गमूळ ४ च्या आसपास येतं. चौपट फेका, दुप्पट अंतर.

हीच दिशाहीन भटकंती मग सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची. ४०० पट वर्धन हवं. होमोजिनाइज्ड दुधाचा थेंब पाण्यात भरपूर पातळ करून काचपट्टीवर घ्यावा आणि झाकणकाचेच्या कडा व्हॅसलिननं बंद कराव्यात. नाहीतर पाणी वाळताना मेदाचे सगळे कण एकाच दिशेनं वाहतात आणि मुलं त्यालाच ब्राउनीय गती, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी कणांची अनियमित हालचाल, समजतात. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊननं १८२७ मध्ये पाहिले ते परागकणांच्या आतले सूक्ष्म कण होते, अख्खे पराग नव्हेत. मग निर्जीव पदार्थांची पूडही तशीच नाचते, हे त्यानं तपासलं. आइन्स्टाइनचं या गतीचं १९०५ चं सूत्र आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँनं त्यावरून काढलेला ॲव्होगॅड्रो अंक (एका मोलमधल्या कणांची संख्या), इतकं पुरे.

जन्मपत्रिकेवरून खरंच काही कळतं का, हा प्रश्न येतोच, त्याला टाळू नये. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये इथेच पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीनं चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याकडे त्यांतल्या ४०. पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून ४० पैकी किती जमतील, आणि किती जमले तर दाद द्यावी, हे वर्गाकडूनच काढून घ्यावं: सरासरी २०, प्रमाण विचलन ३.२. या चर्चेला निदान वीस मिनिटं राखावीत. घंटेच्या तोंडावर ती सुरू करू नये.