आईची साडी नेसायला काढताना

जुनी रेशमी साडी कपाटातून काढलीत की आरशापुढे धरण्याआधी खिडकीपाशी न्या. उजेडात घडीची एकेक रेघ बघा, चिमटीत धरून हलकेच ताणा. धागे सुटे दिसले तर रेशीम तिथे विरलंय. ती जागा निऱ्यांत किंवा आत खोचायच्या भागात जात असेल तर खुशाल नेसा. खांद्यावर येत असेल तर आधी रफूवाला गाठा. शिंप्याकडे देऊ नका. तो मशीन मारून देतो आणि टाक्याच्या कडेने साडी पुन्हा फाटते.

माझं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं. 'चांगली आहे, जपून ठेव' म्हणत ट्रंकेत घातलेले शालू मी घडीघडीवर चिरलेले पाहिलेत. घडी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की सगळा ताण त्या रेघेवर येतो. म्हणून माझं ठाम मत आहे: आईची साडी वर्षातून एकदा तरी अंगाला लागली पाहिजे. नाहीच जमलं तर निदान घडी बदला.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको. मुंबईच्या हवेतला ओलावा आत कोंडतो. धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा मलमलचं फडकं उत्तम. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, पावसाळ्यात ती भिंत पाझरते. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, चांदी काळवंडतेच. म्हणून अत्तर, सेंट साडीवर मारू नका, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. पाऊस सरला, दसरा उलटला, की साड्या गॅलरीत सावलीत पसरा. कडक ऊन नको, रंग उडतो.

आईच्या ब्लाउजचा नाद सोडा, तो बसत नाही आणि उसवण्यात कापड जातं. दादरला हिंदमाताला किंवा रानडे रोडला जा, पण साडी बरोबर न्या आणि कापड दुकानाबाहेर उजेडात लावून बघा. साडीच्या अंगाच्या रंगाशी तंतोतंत मॅचिंग शोधत फिरण्यापेक्षा काठातला किंवा बुट्टीतला एखादा रंग उचला. साडी लगेच आजची दिसते. ब्लाउज सुती घ्या किंवा आतून सुती अस्तर लावून घ्या, घाम तिथेच जिरतो.

लोकलने जायचं असेल तर पदर चापून पिनअप करा आणि पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा घ्या, म्हणजे रेशमाला भोक पडत नाही. घरी आल्यावर लगेच घडी घालू नका. रात्रभर पंख्याखाली दांडीवर राहू दे.

घडी मोडताना देवापुढे ठेवून हळदकुंकू लावायची रीत मी आजही पाळते. आई मुंबादेवीला नमस्कार केल्याशिवाय नवी साडी नेसत नसे. लावताना मात्र बोट आत खोचायच्या टोकाला टेकवा, पदराला नाही. आईच्या हातचा जुना डाग सापडला आणि ड्रायक्लीनवाला 'काढून देतो' म्हणाला, तर नको म्हणा. घासण्यात रेशीम जाईल आणि तो डागही जाईल. तो राहावा असं मला मनापासून वाटतं.

सुती साड्यांचं सोपं आहे. मधे विरली तर फाटका भाग काढून दोन धड तुकडे शिवून जोडा, म्हणजे दंड घाला; तेवढंही उरलं नाही तर गोधडी शिवा.

आणि साडी पुढे द्यायची तर स्वतः हिंडत्याफिरत्या असताना द्या. लेक असो वा सून, कपाट उघडून तिलाच निवडू द्या. तुमच्या मनातली पैठणी सोडून तिने संक्रांतीची काळी चंद्रकळा उचलली तर तीच द्या, आणि येत्या हळदीकुंकवाला तिच्या निऱ्या तुम्ही घालून द्या.