पेट्रोलपासूनच्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब : कारखान्यांनी या चुका टाळाव्यात

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील लहान पुरवठादारांकडेही आता मोठे ग्राहक वार्षिक कार्बन उत्सर्जनाचा आकडा मागू लागले आहेत. वीज आणि डिझेलचा हिशेब बहुधा बरा जमतो. पेट्रोल थोडे म्हणून दुर्लक्षित राहते आणि नेमके तिथेच तपासनीस बोट ठेवतो.

पहिला गैरसमज असा, की उत्सर्जन काढायचे म्हणजे धूर मोजायचा. एका कारखान्याच्या फाइलमध्ये मी सर्व दुचाकींची पीयूसी प्रमाणपत्रे नीट टाचून ठेवलेली पाहिली होती. पीयूसीवर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण असते. वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, हे त्यावरून कळत नाही. ते कळते जळालेल्या इंधनावरून. एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरते, तरी त्यातून सुमारे 2.27 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण 12 भाग कार्बन हवेतील 32 भाग ऑक्सिजन घेऊन 44 भाग वायू बनतो.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत पेट्रोलचे उष्मांकमूल्य, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, 44.3 टेराजूल प्रति हजार टन आणि उत्सर्जन गुणक, म्हणजे त्या उष्णतेमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड, 69,300 किलो प्रति टेराजूल असा आहे. यांच्या गुणाकारातून येणारे 3.07 हे प्रतिकिलो उत्तर आहे, प्रतिलिटर नव्हे. ते थेट लिटरला लावले, तर 1,000 लिटरमागे 2,270 ऐवजी 3,070 किलो येतात. म्हणून तयार आकड्याला एकूण लिटरने भागून पाहावे. उत्तर 3 च्या वर गेले, तर किलो आणि लिटर यांची गल्लत झाली आहे, 2.7 च्या जवळ आले, तर डिझेलचा गुणक लागला आहे.

सर्वांत अधिक गोंधळ इथेनॉलचा होतो, आणि उसाच्या या पट्ट्यात तरी तो होऊ नये. पंपावर आज मिळणारे ई-20 म्हणजे आकारमानाने सुमारे 80 टक्के पेट्रोल आणि 20 टक्के इथेनॉल. अशा 1,000 लिटरमधून जीवाश्म इंधनाचे सुमारे 1,816 किलो उत्सर्जन होते, तर इथेनॉलचे सुमारे 300 किलो जैविक, म्हणजे वनस्पतींपासूनचे, म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचे असते. काहीजण पूर्ण 1,000 लिटरला पेट्रोल धरतात, तर काहीजण इथेनॉलची ओळच गाळतात. दोन्ही चूक आहे. तुलनेसाठी जुने वर्ष घेताना त्या वर्षीचेच मिश्रण धरावे. देशाने 10 टक्के मिश्रणाचा टप्पा जून 2022 मध्ये गाठला; त्याआधीच्या वर्षांना आजचे 20 टक्के लावले, तर जुने उत्सर्जन उगाच कमी दिसते आणि आपण केलेली खरी बचत झाकली जाते.

लिटर कुठून आणायचे, हाही प्रश्न असतोच. लेखा विभागाकडे बहुधा फक्त 'पेट्रोल-डिझेल खर्च' असे एकच शीर्ष असते आणि त्यातील रुपयांना एका सरासरी दराने भागले जाते. पण परभणीचा दर आणि छत्रपती संभाजीनगरचा दर सारखा नसतो, आणि डिझेल त्यातून वेगळे निघत नाही ते निराळेच. स्टोअरचे रजिस्टर आणि पंपाच्या पावत्या हाच खरा आधार आहे. 1 एप्रिलचा शिल्लक साठा, अधिक वर्षभराची खरेदी, वजा 31 मार्चचा शिल्लक साठा, असा हिशेब मांडावा. पंपाच्या पावतीवरची छपाई इथल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत पुसट होते, म्हणून ती मिळताच झेरॉक्स काढून जोडावी. पावतीवर गाडीचा क्रमांक असेल तर उत्तम, नसल्यास चालकाकडून त्याच दिवशी लिहून घ्यावा.

लिटरचे किलो करून वजनावरून हिशेब करणाऱ्यांनी तापमान पाहावे, कारण उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावते. घनता 15 अंश सेल्सियसची आणि लिटर मे महिन्यातल्या 42 अंशांचे घेतले, तर जवळपास तीन टक्क्यांचा फरक पडतो.

शेवटी, खरेदी झालेले सगळे पेट्रोल कारखान्यातच जळते असे नाही. इंजिन चाचणीच्या बाकावर जळालेले पेट्रोल आपले थेट उत्सर्जन होय. नव्या दुचाकीच्या टाकीत घालून फाटकाबाहेर गेलेले पेट्रोल मात्र विकलेल्या मालाच्या वापरात मोजले जाते. सुटे भाग धुण्यासाठी काढलेले पेट्रोल जळत नाही, उडून जाते. त्याची नोंद वेगळी हवी. कामगार स्वतःच्या दुचाकीने येतात ते अप्रत्यक्ष उत्सर्जन आहे, परंतु कंपनीच्या नावावरील दुचाकी थेट उत्सर्जनातच येतात. यासाठी स्टोअरच्या चिठ्ठीवर 'कशासाठी' हा एक रकाना वाढवून घ्यावा आणि तो रिकामा असल्यास कॅन भरून देऊ नये.