थंडीत सायकलिंगचा पाया कसा भरावा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, १२ आठवड्यांचा सराव

हिवाळ्यातल्या सायकलिंगवर मिळणारे बहुतेक सल्ले बर्फ पडणाऱ्या देशांसाठी लिहिलेले असतात. तिथले लोक हे महिने घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर काढतात आणि मार्चची वाट बघतात. आपल्याकडे सराव मोडतो तो पावसाळ्यात आणि नंतर एप्रिल-मेच्या उन्हात. पुणे, नाशिक, सातारा, नगर या पट्ट्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत रस्ते कोरडे असतात, हवा थंड असते आणि सकाळी वाराही कमी असतो. वर्षभराचा दम कमवायचा तो याच दिवसांत. तरीही दरवर्षी बरेच जण ही संधी दोन सवयींपायी घालवतात. रोज जोरात चालवायचं, किंवा फक्त रविवारी चालवायचं.

पुढचा आराखडा आठवड्याला ६ ते ८ तास देऊ शकणाऱ्या आणि ४० किमी आरामात चालवणाऱ्या सायकलस्वारासाठी आहे. बाराव्या आठवड्याच्या शेवटी २०० किमीची बीआरएम, म्हणजे शर्यत न लावता १३ तास ३० मिनिटांच्या आत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, हे लक्ष्य धरलं आहे. बीआरएम करायची नसेल तरी क्रम हाच ठेवा.

पहिलं काम: उंबरठा मोजा

आपण हळू चालवतोय की जोरात, हे अंदाजाने कळत नाही. ते उंबरठ्यावरून, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा सर्वांत जास्त जोरावरून ठरवायचं. सपाट, सिग्नल नसलेला रस्ता किंवा हलका चढ निवडा. १५ ते २० मिनिटं अंग गरम करा. मग ३० मिनिटं टिकेल तेवढ्या सर्वांत जास्त पण एकसारख्या जोराने चालवा. पहिली १० मिनिटं सोडून उरलेल्या २० मिनिटांची हृदयगतीची सरासरी काढा. ती तुमची उंबरठा गती. पॉवर मीटर (पॅडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं उपकरण) असेल तर २० मिनिटांची सर्वोत्तम सरासरी पॉवर घेऊन तिला ०.९५ने गुणा, ती उंबरठ्याची पॉवर.

चाचणी फसते ती बहुधा पहिल्या पाच मिनिटांत. उत्साहात जोर लावला जातो, पंधराव्या मिनिटाला पाय भरून येतात आणि आकडा खाली येतो. लांब राइडच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेऊ नका. ‘२२० वजा वय’ या कमाल हृदयगतीच्या सूत्रावर तर अजिबात विसंबू नका, एकट्या माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं.

समजा उंबरठा १६८ आला. मग हळू राइडची मर्यादा त्याच्या ६९ ते ८३ टक्के, म्हणजे ११६ ते १३९ ठोके. पॉवरमध्ये उंबरठ्याच्या ५६ ते ७५ टक्के. काहीच उपकरण नसेल तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का, एवढं बघा. वाक्य मध्येच तुटलं की वेग जास्त झाला.

आठवडे १ ते ४: हळू, आणि खरोखर हळू

मंगळवार आणि गुरुवार एकेक तास, शनिवारी दीड तास, रविवारी अडीच तास. चारही दिवस त्याच हळू मर्यादेत. रविवारची राइड दर आठवड्याला २० मिनिटांनी वाढवा आणि चौथ्या आठवड्यात ती २ तासांवर आणा, बाकीचे दिवसही त्या प्रमाणात कमी करा. या हलक्या आठवड्यातच शरीर आधीच्या तीन आठवड्यांचं काम पचवतं, म्हणून तो गाळू नका.

हळू चालवण्याने काय होतं? स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींची चरबी जाळून ऊर्जा काढण्याची क्षमता वाढते, आणि साठवलेली साखर शेवटच्या पन्नास किलोमीटरसाठी शिल्लक राहते. मधल्याच वेगाने रोज चालवलं तर थकवा जोरदार सरावाचा येतो आणि फायदा मात्र ना इकडचा ना तिकडचा. चढ आला तरी मर्यादा पाळा. सर्वांत हलका गिअर टाका, वेग ताशी ८ किमी झाला तरी चालेल. सर्वांत अवघड जातं ते ग्रुपमध्ये, कारण कुणीतरी पुढे निघतो आणि चहाच्या टपरीपर्यंत शर्यत लागते. पहिले चार आठवडे एकट्याने किंवा आपल्यासारखंच हळू चालवणाऱ्या एखाद्या जोडीदाराबरोबर जा.

पाया भरतोय की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. सपाट रस्त्यावर, वारा नसताना दोन-अडीच तास एकाच वेगाने चालवा. पहिल्या अर्ध्या भागातली आणि दुसऱ्या अर्ध्या भागातली सरासरी हृदयगती ताडून बघा. दुसऱ्या भागात ती ५ टक्क्यांहून कमी वाढली असेल तर पुढच्या टप्प्यावर जायला हरकत नाही. त्याहून जास्त वाढत असेल तर आणखी दोन आठवडे इथेच थांबा.

आठवडे ५ ते ८: मंगळवारी थोडा जोर

मंगळवारच्या तासात दोन वेळा १५ मिनिटं, उंबरठ्याच्या ८८ ते ९३ टक्के पॉवरवर. मध्ये ५ मिनिटं विश्रांती. पॉवर मीटर नसेल तर या वेगात तीन-चार शब्दांवर बोलणं अडायला हवं, पण धाप लागता कामा नये. आठव्या आठवड्याच्या आधी १५ची २० मिनिटं करा. रविवार साडेतीन, चार, साडेचार तास असा वाढवत न्या, आठव्या आठवड्यात पुन्हा पावणेतीन तास. बाकीचे दिवस हळूच.

सातच्या आधी उजाडत नसल्यामुळे मंगळवार-गुरुवारचा सराव ट्रेनरवर करणंही शहाणपणाचं. ट्रेनरवर पॅडल सोडायला उतार नसतो, म्हणून बाहेरचा सव्वा तास घरात एका तासात बसतो. पंखा अगदी समोर हवा. तो नसेल तर वीस मिनिटांत अंग तापतं आणि त्याच पॉवरला हृदयगती चढत जाते. सायकलच्या वरच्या दांड्यावर टॉवेल टाका, कारण घामातलं मीठ हँडलखालचे बोल्ट आणि बेअरिंग गंजवतं.

आठवडे ९ ते ११: घाट

मंगळवारी एखादा जवळचा चढ निवडा. पुण्यात बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट चालतो. ४ मिनिटं उंबरठ्याच्या वर, १०५ ते ११० टक्क्यांनी चढा, ४ मिनिटं हळू उतरा, असं चार वेळा. अकराव्या आठवड्यात पाच वेळा. पॅडलचे फेरे मिनिटाला ७०च्या खाली जाऊ देऊ नका. जड गिअरवर रेटत चढल्याने गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो, आणि थंडीत तो जास्त जाणवतो. गुडघा समोरून दुखत असेल तर आधी सीटची उंची बघा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. वाकलेला राहत असेल तर सीट ३ ते ५ मिलिमीटर वर घ्या, एकदम जास्त नको.

रविवारी नववा आठवडा ५ तास, दहावा ६ तास, म्हणजे साधारण १२५ ते १३५ किमी. त्या आठवड्यात शनिवारची राइड सोडा. एका रविवारी लांब चढही घ्या. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट सुमारे १२ किमीचा आहे. एकसारखा जोर लावून चढायचं शिकायला असा लांब घाट उत्तम.

कपडे

घरातून निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजायला हवी. तेव्हाच उबदार वाटलं तर अर्ध्या तासात घामाने भिजाल आणि मग खरी थंडी वाजेल. सुती टी-शर्ट घाम धरून ठेवतो, म्हणून आत लवकर सुकणारा बनियन, वर जर्सी, हातांना आर्म वॉर्मर, गुडघे झाकणारे वॉर्मर, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कानांवर बफ (गळ्यात-डोक्यावर घालायची कापडी नळी). तापमान १५ अंशांच्या खाली असेल तर गुडघे झाकाच. १० अंश तापमानात ताशी २५ किमी वेगाने जाताना अंगाला ७ अंशांसारखं वाटतं. निफाडच्या बाजूला पारा याहून बराच खाली जातो.

घाट चढायच्या आधी विंडचीटर काढा, माथ्यावर थांबून पुन्हा घाला. तो नसेल तर वर्तमानपत्राची दोन-तीन पानं छातीवर जर्सीच्या आत सरकवा. जुना उपाय आहे, पण उतारावर वारा अडतोच.

अंधार, धुकं आणि उसाच्या ट्रॉल्या

या विभागाकडे सरावाच्या आकड्यांहून जास्त लक्ष द्या. पश्चिम महाराष्ट्रात थंडी म्हणजे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. पहाटे रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या असतात, मागचा दिवा अनेकदा नसतो किंवा पाचटाखाली झाकलेला असतो. अंधारात मागून जाताना ट्रॉली दिसायच्या आधी वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची टोकं तोंडाशी येतात. समोरून एखाद्या गाडीचा प्रखर दिवा आला की पुढची उभी ट्रॉली दिसतच नाही. अशा वेळी पॅडल थांबवा, वेग कमी करा आणि डोळे निवळेपर्यंत ओव्हरटेक करू नका. रस्त्यावर सांडलेलं उसाचं कांडं चाकाखाली गोल फिरतं आणि पुढचं चाक घसरतं. कांड्यावरून जाण्याऐवजी शक्य तर ते टाळाच. दवाने ओलं झालेलं पाचट आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टेही तितकेच निसरडे.

पुढचा दिवा दिवे नसलेल्या रस्त्यावर किमान ४०० ल्युमेनचा, मागे दोन लाल दिवे, त्यातला एक लुकलुकता नसून सतत जळणारा, कारण लुकलुकत्या दिव्यावरून मागच्या चालकाला अंतर कळत नाही. परावर्तक जॅकेट घाला. नदीकाठच्या सखल भागात धुकं दाट असतं. पुढचं ५० मीटर दिसत नसेल तर रस्त्यापासून दूर थांबा, ऊन वर आलं की बहुधा ते विरतं. सर्वांत उशिरा सूर्य उगवतो तो २१ डिसेंबरला नव्हे, जानेवारीच्या मध्याला. म्हणून डिसेंबरात ठरवलेली निघायची वेळ जानेवारीत दहा-बारा मिनिटं पुढे ढकला.

शहरात शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर थंड हवेमुळे जमिनीलगत अडकतो. ‘समीर’ अॅपवर हवेचा निर्देशांक २००च्या वर असेल तर जोराचा सराव घरात करा किंवा उन्हं वर आल्यावर निघा. कोरड्या थंड हवेने खोकला येत असेल तर पहिली १५ मिनिटं फार हळू चालवा आणि बफ नाकावर घ्या. शिट्टीसारखा आवाज येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पाणी आणि खाणं

थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र जातोच. तासाला अर्धा लिटर पाणी ठरवून प्या. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाव चमचा मीठ, तीन-चार चमचे साखर आणि लिंबू पुरे. दीड तासाच्या वरच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. तीळगूळ आणि शेंगदाण्याची चिक्की हळू राइडला चांगली, पण त्यातल्या तेलामुळे पचायला वेळ लागतो. घाटाच्या दिवशी केळी, खजूर, राजगिरा वडी. भूक लागेपर्यंत थांबू नका, दर अर्ध्या तासाला थोडं खा.

सायकल

कोरड्या दिवसांत चेनवर धूळ बसते, तेव्हा मेणाचं किंवा कोरडं वंगण वापरा आणि दर २०० किमीला पुसून पुन्हा लावा. टायरमधली हवा थंडीने उतरते. २० अंशांत ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेली हवा १० अंशांत साधारण ३ पीएसआयने कमी होते. हवा पहाटे निघतानाच तपासा. शेताच्या कडेला बाभळीचे काटे सुकून रस्त्यावर येतात, म्हणून प्रत्येक राइडनंतर टायरवर नजर फिरवा आणि रुतलेला काटा ट्यूबपर्यंत पोचायच्या आधी काढा. दोन ट्यूब सोबत हव्यात. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवा, काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

खाडे आणि आजारपण

लग्नसराई, हुरडा पार्ट्या, पाहुणे यात एखादा रविवार जाणारच. तो पुढच्या आठवड्यात भरून काढू नका, आराखड्यात जिथे होता तिथूनच पुढे चला. नुसतं सर्दीने नाक वाहत असेल तर तासभर हळू चालवता येतं. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर पूर्ण बंद, आणि ताप उतरल्यावरही दोन-तीन दिवस थांबा. सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा ७-८ ठोक्यांनी जास्त येत असेल, झोप नीट लागत नसेल, तर त्या दिवशी विश्रांती.

आठवडे ११ आणि १२: हात आखडता घ्या

अकराव्या आठवड्यात रविवारी फक्त ३ तास. बाराव्यात मंगळवारी ४५ मिनिटं, त्यात चार वेळा एक मिनिट जोर. बीआरएम शनिवारी असेल तर गुरुवारी अर्धा तास, शुक्रवारी सुट्टी. नवे बूट, नवी सीट, नवं खाणं या आठवड्यात काहीही आणू नका. २०० किमीला १३ तास ३० मिनिटं असल्याने थांबे धरून ताशी १५ किमीचा वेग पुरतो. सुरुवातीची ६० किमी हृदयगती त्याच हळू मर्यादेत ठेवा, नियंत्रण केंद्रावर, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या थांब्यावर दहा मिनिटांहून जास्त बसू नका, आणि सकाळी काढलेला विंडचीटर संध्याकाळच्या परतीसाठी मागच्या खिशात असू द्या.