इसांडलवानाची लढाई टेबलावर कशी मांडावी

22 जानेवारी 1879 रोजी दक्षिण आफ्रिकेतील झुलूलँडमध्ये इसांडलवाना डोंगराच्या पायथ्याशी सुमारे 20,000 झुलू योद्ध्यांनी ब्रिटिशांची छावणी काबीज केली आणि तेथील साधारण 1,700 जणांपैकी 1,300 हून अधिक मारले गेले. हा विजय झुलू सेनेने विस्तीर्ण मैदानावरच्या काटेकोर हालचालींनी मिळवला होता, त्यामुळे मिनिएचर सैनिकांनी ही लढाई मांडताना या हालचालींना पुरेशी जागा मिळेल असेच प्रत्येक प्रमाण ठरवावे.

सर्वप्रथम सैनिकांचे प्रमाण निश्चित करावे. एक मिनिएचर म्हणजे 20 माणसे धरल्यास झुलू बाजूला 1,000 आणि ब्रिटिश बाजूला सुमारे 85 सैनिक लागतात. 28 मिमी उंचीच्या सैनिकांची एवढी गर्दी घरच्या टेबलावर मावत नाही, म्हणून 10 किंवा 15 मिमीचे सैनिक घ्यावेत. झुलूंची राखीव फळी मुख्य लढाईत उतरलीच नाही. ती पुढे रॉर्क्स ड्रिफ्ट या ब्रिटिश ठाण्याकडे गेली. ती वगळल्यास जवळजवळ 200 सैनिक रंगवण्याचे श्रम वाचतात. प्रत्येक बेसवर, म्हणजे सैनिकांखालच्या पट्टीवर, दहा झुलू चिकटवावेत, तर ब्रिटिशांच्या 24व्या पायदळ पलटणीच्या प्रत्येक कंपनीसाठी चार सैनिक विरळ अंतराने उभे करावेत. ब्रिटिश रांग किती पातळ होती, हे त्यावरून पाहताक्षणी कळते.

रंगकामात दोन गोष्टी सांभाळाव्यात. झुलू योद्धे समारंभाचा पिसांचा साज बव्हंशी घरी ठेवून लढाईवर येत, त्यामुळे भरजरी वेश टाळावा आणि ढालींकडे लक्ष द्यावे: तरुण पलटणींना गडद, तर वयस्क पलटणींना पांढरी छटा अधिक शोभते. ब्रिटिशांचे डगले लाल असले तरी शिरस्त्राणे शुभ्र ठेवू नयेत, कारण मोहिमेवर ती चहा-कॉफीसारख्या पाण्याने मुद्दाम मळकट केली जात.

आता भूमी. एक सेंटीमीटर म्हणजे 20 मीटर धरल्यास 240 बाय 150 सेंमीच्या टेबलावर 4.8 बाय 3 किमीचा प्रदेश येतो. डोंगर पश्चिम कडेला अगदी टेकवू नये. त्याच्या मागे मंझिम्न्यामा ओढ्याचे खोरे दाखवता येईल एवढी जागा सोडावी, कारण झुलूंचे उजवे शिंग, म्हणजे सैन्याची उजवी बगल, तेथूनच छावणीच्या पाठीशी आले. उत्तरेला न्कुतू पठाराची कड, पूर्वेला अमातुत्शाने ही शंकूसारखी टेकडी आणि तिच्या अलीकडे न्योगाने घळ, एवढे पुरे. दिवाळीत किल्ला करणाऱ्या घरात थर्माकोल, माती आणि लाकडाचा भुसा यांचे काम शिकवावे लागत नाही; फक्त जानेवारी हा तिथला पावसाळी उन्हाळा असल्याने भुसा हिरवा रंगवावा.

खेळाची सुरुवात दुपारी 12 च्या सुमारास, झुलूंचा मध्यभाग पठाराच्या कडेवर दिसू लागतो त्या क्षणापासून करावी. एक फेरी दहा मिनिटांची धरली, तर बारा ते पंधरा फेऱ्यांत लढाई संपते. झुलू बाजूला तीन खेळाडू बसवावेत: एकाकडे ‘इसिफुबा’ म्हणजे छाती (मध्यभाग), उरलेल्या दोघांकडे दोन ‘इझिम्पोन्डो’ म्हणजे शिंगे (दोन्ही बगला). खेळ सुरू झाल्यावर त्यांनी आपसांत बोलू नये. उजव्या शिंगाची हालचाल पंचाने नकाशावरच नोंदवावी आणि ते कोणाच्या दृष्टीस पडेल तेव्हाच बेस टेबलावर ठेवावेत. ब्रिटिश बाजूलाही छावणीचा प्रमुख पुलीन आणि घोडेस्वारांचा नायक डर्नफर्ड यांच्या जागी दोन स्वतंत्र खेळाडू असावेत आणि एकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोहोचायला एक फेरी लागावी.

गोळीबाराचे नियम या खेळाचा कणा आहेत. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफलचा प्रभावी मारा 20 सेंमीपर्यंत, म्हणजे 400 मीटरपर्यंत धरावा. माऱ्यात सापडलेली झुलू पलटण मागे न पळता गवतात दबून राहते आणि तिला पुन्हा उठवण्यासाठी सेनानीचा बेस तिच्यापाशी न्यावा लागतो. त्या दिवशी उखांडेम्पेम्वू पलटण अशीच अडकली असता म्खोसाना कामवुंडलाना हा सरदार कड्यावरून खाली आला, त्याने तिला ललकारून उठवले आणि तो तेथेच गोळी लागून पडला. म्हणून पलटण उठवणाऱ्या सेनानीसाठी दर वेळी फासा टाकावा आणि एक पडल्यास तो मारला गेला असे मानावे. हा नियम मी कधीही वगळणार नाही. झुलू नेतृत्वाने मोजलेली किंमत त्याशिवाय टेबलावर येतच नाही.

संपूर्ण ब्रिटिश सेनेची काडतुसे संपतात असा नियम मात्र लावू नये. काडतुसांची चणचण प्रामुख्याने घळीत लढणाऱ्या डर्नफर्डच्या घोडेस्वारांना भासली, म्हणून सहा फेऱ्यांच्या गोळीबारानंतर केवळ त्यांनाच माघार घ्यायला लावावे. ते हटताच उजवी बाजू उघडी पडते आणि विखुरलेल्या कंपन्या छावणीलगत एकवटायच्या की जागच्या जागी लढायचे, हा खरा पेच पुलीनपुढे उभा राहतो.

छावणी बहुधा पडेलच, त्यामुळे जयपराजय केवळ तिच्यावर ठरवू नये. झुलूंचे किमान 1,000 योद्धे कामी आले, म्हणजे या प्रमाणात 50 मिनिएचर. पंधराव्या फेरीपर्यंत छावणी घेऊन त्याहून कमी गमावल्यास झुलू जिंकले. हानी त्याच्या दुपटीपलीकडे गेली, किंवा दोन कंपन्या तोवर एकत्र उभ्या राहिल्या, तर ब्रिटिश खेळाडूंचा डाव सरस मानावा.