मल्टी-डायोड लेझर घरी बनवताय? मग या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मेलेला लेझर डायोड, म्हणजे लेझरचा प्रकाश देणारा बारीक भाग, कागदाच्या पुडीत घेऊन येतं आणि म्हणतं, दादा, दुकानदाराने माल खराब दिला. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. मारलेला असतो आपणच, आणि तोही बऱ्याचदा एकाच पद्धतीने, म्हणून तेच आधी सांगतो.

ड्रायव्हर, म्हणजे डायोडला ठरलेला करंट देणारं सर्किट, चालू असताना डायोडची वायर काढायची नाही, आणि काढलेली परत लावायची तर अजिबातच नाही. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरला लोड सापडला नाही की तो व्होल्टेज वाढवत नेतो, आउटपुटचा कपॅसिटर फुल चार्ज होऊन बसतो, आणि तुम्ही डायोड टेकवला की तो सगळा साठा एका झटक्यात त्याच्यातून जातो. माझ्या पहिल्या चार डायोडच्या बिल्डमध्ये, ४४५ नॅनोमीटरचे निळे, मी घाईत सोल्डर न करता क्रोकोडाइल क्लिप लावली होती. अर्धा तास छान चाललं, मग आरसा फिरवताना क्लिपला बोट लागलं, बारीकशी ठिणगी दिसली आणि संपलं. सिरीजमध्ये होते, त्यामुळे चारही एकदम गेले. मीटरवर करंट पूर्वीइतकाच, एक अँपियर, पण भिंतीवरचा तो टोचणारा ठिपका जाऊन तिथे साध्या एलईडीसारखा फिकट निळा डाग. असा डाग दिसला की समजायचं, डायोडचं तोंडच जळालंय, करंट वाढवून ते परत येत नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आधी डमी लोड, म्हणजे लेझर डायोडच्या जागी लावायचा खोटा भार: १एन५४०८ चे सहा साधे रेक्टिफायर डायोड आणि १ ओहम १० वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये, रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपियर. करंट तिथेच सेट करायचा. मग सप्लाय बंद, ड्रायव्हरचं आउटपुट वायरने शॉर्ट करून ठेवायचं, डायोड सोल्डर करायचा आणि शॉर्ट सगळ्यात शेवटी काढायचा. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

दुसरी चूक, एकाच ड्रायव्हरवर डायोड पॅरलल जोडणं. "दोघांना निम्मा निम्मा करंट मिळेल ना?" नाही मिळत. डायोड गरम झाला की त्याचा व्होल्टेज ड्रॉप कमी होतो, मग तोच जास्त करंट ओढतो, अजून तापतो आणि मरतो, आणि मग सगळा करंट दुसऱ्यावर येतो. सिरीजमध्ये जोडा नाहीतर प्रत्येकाला वेगळा ड्रायव्हर द्या. सिरीज करण्याआधी डेटाशीट मात्र बघा, काही डायोडचं कॅन (बाहेरचं धातूचं कवच) एका पिनला जोडलेलं असतं, असे दोन एकाच ॲल्युमिनियम प्लेटवर बसवले की प्लेटमधूनच शॉर्ट.

पीबीएस क्यूब, म्हणजे ध्रुवणाच्या (पोलरायझेशनच्या) फरकावर बीम एकत्र करणारा काचेचा ठोकळा. त्यातून एकाच रंगाचे दोनच बीम एकत्र येतात, दुसरा डायोड ९० अंशात फिरवून. तिसरा त्यात कोंबू नका, त्याला नाइफ-एज आरसा लागतो, म्हणजे बीमच्या अगदी कडेला बसवून दुसरा बीम शेजारी आणणारा आरसा. अलाइनमेंट थ्रेशोल्डच्या (ज्या करंटला लेझर सुरू होतो त्याच्या) जरा वर, कमी करंटवरच करा. लेन्सला बोट लावू नका.

आता चष्मा, आणि इथे मी कोणाचं ऐकून घेत नाही. दीड-दीड वॅटचे चार म्हणजे सहा वॅट, ५०० मिलिवॅटच्या वर सगळं क्लास ४ (लेझरचा सगळ्यात धोकादायक वर्ग), नुसत्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे जवळून बघणंसुद्धा धोक्याचं. २०२३ च्या गणपती मिरवणुकांनंतर लेझरने डोळे गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या, तरी लोक गॉगल्स नंतर घेऊ म्हणतात. केशरी चष्मा निळा अडवतो पण ६३८ नॅनोमीटरचा लाल त्यातून सरळ आत येतो, म्हणून वेव्हलेंग्थ आणि ओडी (चष्मा किती प्रकाश अडवतो त्याचं माप) दोन्ही वाचूनच घ्या, ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत. माझ्याकडे कोणी बिल्ड बघायला आलं आणि चष्मा आणला नसेल तर मी सप्लाय लावतच नाही, मग तो कितीही लांबून आलेला असो.