'द काइट रनर' बापलेकाची गोष्ट म्हणून कशी वाचावी

"आधी अफगाणिस्तानचा इतिहास समजावून सांगावा आणि मगच कादंबरीला हात घालावा" असा सल्ला देणाऱ्यांनी वाचकगटासमोर ही चर्चा स्वतः क्वचितच घेतलेली असते. खालिद हुसैनी यांची २००३ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी निरनिराळ्या वाचकगटांत आजवर सात-आठ वेळा चर्चेला घेतली आहे, आणि पहिल्या खेपेला नेमका हाच सल्ला मानून मी भिंतीवर नकाशा टांगला होता. अहमदशाह अब्दालीपासून सोव्हिएत फौजांपर्यंत येता येता चाळीस मिनिटे गेली. समोर मराठी श्रोते असल्यामुळे पानिपत आलेच, आणि पानिपत निघाले की ते लवकर आटोपत नाही. शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर करून विचारले, "ते सगळे खरे हो, पण त्या बापाला पोटचा मुलगा का आवडत नव्हता, ते सांगाल का?" माझ्या नकाशात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढे दिलेली पद्धत त्या प्रश्नातून तयार झाली असून ती एकट्याने वाचणाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते.

कादंबरी सर्वांनी शेवटपर्यंत वाचलेली असावी. मराठी अनुवाद वाचला की इंग्रजी मूळ, याने फारसे बिघडत नाही. २००७ सालचा चित्रपट पुस्तकाऐवजी चालणार नाही, आणि ज्याने पुस्तक पूर्ण केलेले नाही त्याने हा लेखही इथेच थांबवावा, कारण यापुढे मी काहीही राखून ठेवणार नाही.

लेखकाचे चरित्र दोन वाक्यांत संपवावे. हुसैनी यांचा जन्म १९६५ साली काबूलमध्ये झाला, वडील परराष्ट्र सेवेत असल्यामुळे १९७६ साली कुटुंब पॅरिसला गेले आणि १९८० साली त्यांनी अमेरिकेत आश्रय घेतला. म्हणजे कादंबरीचा नायक अमीर जो मालट्रकमध्ये लपून देश सोडतो, तो प्रवास लेखकाच्या वाट्याला आलेला नाही. "हे सगळे त्यांच्याच बाबतीत घडले असणार" असे कोणी म्हणाले, तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करावे, अन्यथा पुढचा तासभर कादंबरी बाजूला पडून लेखकाच्या वडिलांवर चर्चा होते.

आता एक मोठा पाठकोरा कागद घ्यावा आणि त्यावर दोन रकाने आखावेत. डाव्या रकान्यात देशाचे काय झाले ते लिहावे, उजव्या रकान्यात त्याच सुमारास बाबा, म्हणजे अमीरचे वडील, आणि अमीर यांच्यात काय झाले ते. डावा रकाना भरणे सोपे आहे: १७ जुलै १९७३ रोजी राजे झहीर शाह परदेशात असताना दाऊद खान यांनी केलेला सत्ताबदल, २७ एप्रिल १९७८ रोजी साम्यवाद्यांनी केलेला उठाव, डिसेंबर १९७९ मध्ये घुसलेल्या सोव्हिएत फौजा, फेब्रुवारी १९८९ मधली त्यांची माघार, सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने घेतलेले काबूल, ऑगस्ट १९९८ मध्ये मझार-ए-शरीफ येथे झालेले हजारा जमातीच्या लोकांचे हत्याकांड. एवढ्यावर भागते.

उजवा रकाना कसा भरावा, याचा नमुना म्हणून १९७३ ची ओळ सर्वांनी मिळून भरावी. त्या रात्री शहरात गोळीबार चालू आहे, घरात नोकर अली अमीर आणि आपला मुलगा हसन या दोघांना जवळ घेऊन बसला आहे, रस्ते बंद आणि फोनही बंद असल्यामुळे बाबा बाहेरच अडकले आहेत. पहाटे त्यांची गाडी आवारात शिरते, ते धावत येतात आणि अमीर व हसन दोघांनाही एकदमच मिठीत घेतात. त्या क्षणी अमीरला वाटते, रात्री जे काही झाले ते बरेच झाले. एक राजवट कोसळली आणि त्या पोराला त्यातून काय मिळाले, तर बापाची मिठी. "इतिहास ही या कथेची पार्श्वभूमी आहे" हे परीक्षणांतून हमखास आढळणारे वाक्य या एका ओळीने निकालात निघते.

खरी अडचण येते ती १९७५ च्या हिवाळ्यापाशी, आणि इथे मी स्वतः दोनदा तोंडघशी पडलो आहे. उजव्या रकान्यात या ओळीला जागा पुरत नाही: बर्फ पडलेल्या काबूलमधली पतंगांची स्पर्धा, गच्चीवरून पाहणारे बाबा, शेवटचा पेच जिंकणारा अमीर, कटलेला निळा पतंग लुटून आणायला धावलेला हसन, गल्लीत त्याच्यावर झालेला अत्याचार, तो लपून पाहत राहिलेला अमीर, आणि काही महिन्यांनी हसनच्या गादीखाली स्वतःच्या हाताने ठेवलेले घड्याळ व पैसे. डाव्या रकान्यात मात्र लिहिण्याजोगे काही सापडत नाही. दाऊद खान अध्यक्ष आहेत, युद्ध नाही, रणगाडे नाहीत. कादंबरीतला सर्वांत मोठा अपराध शांततेच्या काळात, सुखवस्तू घरातल्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातून घडतो.

पहिल्या वेळी मी ही मोकळी जागा घाबरून भरून टाकली. राजकीय अस्थिरतेने माणसे कशी पोखरली जातात वगैरे दोन-तीन वाक्ये बोललो, आणि ती साफ चुकीची होती, कारण अमीर गप्प बसला तो राजकारणामुळे नव्हे. त्याला तो निळा पतंग घेऊन बापासमोर उभे राहायचे होते. आपल्या जन्माच्या वेळी आई गेली, म्हणून बाप आपला मनातून राग करतो अशी त्याची समजूत होती आणि पतंग हे त्याचे परिमार्जन होते. दुसऱ्या वेळी मी उलट टोकाला गेलो आणि जागा कोरीच ठेवून सांगितले की हा अपराध पूर्णपणे खासगी आहे, त्याचा इतिहासाशी संबंध नाही. हे ऐकायला भारदस्त वाटते, पण तेही अपुरे आहे. हसनलाच तसे कोंडीत पकडता आले आणि त्याची दाद कुठेच लागणार नाही हे सर्वांना ठाऊक होते, कारण तो हजारा होता, शिया होता आणि नोकराचा मुलगा होता.

म्हणून आता मी त्या मोकळ्या जागेत तारीख लिहीत नाही, तर कागदाच्या वरपासून खालपर्यंत डाव्या रकान्यात एक जाड उभी रेघ ओढतो आणि तिच्या बाजूला "पश्तून आणि हजारा" एवढेच लिहितो; बाबा आणि अमीर पश्तून, म्हणजे वरचढ जमातीचे. १८९० च्या दशकात अफगाणिस्तानचे राज्यकर्ते अब्दुर रहमान खान यांनी हजारा लोकांचा उठाव चिरडला, त्यांच्या जमिनी गेल्या, कित्येक गुलाम म्हणून विकले गेले. राजे बदलले, राजवटी बदलल्या, तरी ही रेघ तशीच राहिली. कादंबरीत हा इतिहास अमीरला कुठे सापडतो ते पान सर्वांना काढायला सांगावे. तो शाळेत सापडत नाही. बाबांच्या अभ्यासिकेत, आईच्या मागे राहिलेल्या जुन्या पुस्तकांपैकी एकात सापडतो, आणि शिक्षकाला ते पुस्तक दाखवले असता तो शियांबद्दल एक कुजकट शेरा मारून मोकळा होतो. बाबा त्याच खोलीत रोज बसत होते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल, म्हणून तिच्यापुढे खूण करून ठेवावी.

एकदा ही रेघ ओढली की खालच्या ओळी आपोआप उलगडतात. १९७८, १९७९ आणि मार्च १९८१ मधले पलायन यांनी अमीरकडून अपराध करवून घेतला नव्हता. त्यांनी इतकेच केले की अलीसह हजाराजातकडे, म्हणजे हजारा लोकांच्या मुलखाकडे, निघून गेलेल्या हसनपर्यंत परत जाण्याचा रस्ता तोडला. या कादंबरीतल्या स्थलांतराचा अर्थ मी असाच लावतो, आणि गटात कितीही मतभेद झाले तरी या बाबतीत माघार घेत नाही. जो माणूस माफी मागायला जाऊ शकत होता आणि गेला नाही, त्याला परदेशी राहणे सोयीचे झाले. त्याच्या बापाने मात्र त्याच प्रवासात सर्वस्व गमावले.

ट्रकमधला प्रसंग मोठ्याने वाचावा. चौकीवरचा रशियन सैनिक एका विवाहितेची मागणी करतो, बाबा उठून उभे राहतात आणि अमीर त्यांना खाली बसवू पाहतो. त्यावर चर्चा करू नये. हात फक्त १९७५ च्या ओळीवर न्यावा आणि क्षणभर थांबावे. मुले बरोबर पाहतात, मोठी माणसेही पाहतात.

बापलेक अमेरिकेत जिथे स्थायिक होतात त्या फ्रीमाँटची प्रकरणे बहुतेक जण घाईने ओलांडतात, कारण तिथे बंदुका नाहीत. कृपा करून तसे करू नये. बापलेकाचे नाते प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातच फिरते. ज्या माणसाने काबूलमध्ये अनाथालय बांधले, तो पेट्रोल पंपावर काम करतो आणि सरकारकडून मिळालेली धान्याची कुपने सन्मानाने परत करतो. जवळजवळ दोन वर्षे ज्या दुकानातून सामान घेतले, तिथे संत्र्यांच्या धनादेशासाठी ओळखपत्र मागितले जाते, तेव्हा बाबा मासिकांची घडवंची उलथवून टाकतात आणि दुकानदार दांपत्याची समजूत घालायला अमीरला पुढे व्हावे लागते. इथे अमीरला काबूलची लाकडी काठी आठवते. नान आणायला जाताना मुले ती काठी घेऊन जायची, भट्टीवाला एकेका नानमागे सुरीने तिच्यावर एक खाच पाडायचा आणि महिनाअखेरीस बाबा खाचा मोजून पैसे चुकते करायचे. ज्यांच्या घरी किराणा दुकानाची उधारीची वही होती, त्यांना ही काठी समजावून सांगावी लागत नाही. वहीवर सही नव्हती, नाव पुरेसे होते. बाबांकडे आता ते नाव राहिलेले नाही आणि इंग्रजी मुलाकडे आहे. उजव्या रकान्यात "आता कोणाचा शब्द चालतो?" असा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारत यावे, १९७३ मध्ये आणि १९८३ मध्ये त्याचे उत्तर वेगवेगळे येते.

रूपककथेचा मोह मात्र टाळावा. अमीर म्हणजे पळून गेलेला अभिजन, हसन म्हणजे सोसणारा देश, बाबा म्हणजे जुनी राजवट, अशी कोष्टके जुळवली की माणसे नाहीशी होतात आणि चर्चा दहा मिनिटांत आटोपते.

यानंतर कागदाची सुरुवात पुन्हा वाचावी, कारण २००१ साली पेशावरमध्ये बाबांचे जुने मित्र रहीम खान अमीरला सांगतात की हसन हा बाबांचाच मुलगा होता. ही माहिती हाती घेऊन उजव्या रकान्यातल्या जुन्या नोंदींकडे परत जायचे असते, आणि गटाला सर्वांत जास्त बोलते करणारा हाच टप्पा आहे. १९७३ च्या पहाटे त्यांनी दोन्ही मुलांना का कवटाळले, हसनचा एकही वाढदिवस ते का विसरले नाहीत, त्याचा फाटलेला ओठ शिवण्यासाठी दिल्लीहून आलेल्या डॉक्टरला घरी का आणले, नवे नोकर ठेवू असे अमीर सहज म्हणाला तेव्हा ते इतके का उसळले, चोरीचा आळ आल्यावर त्यांनी हसनला क्षणात क्षमा का केली आणि अली निघू लागताच ते का रडले. चोरीइतके मोठे पाप नाही असे मुलाला शिकवणाऱ्या बापाने दुसऱ्या मुलाचे काय चोरले होते, हे त्यानंतर सांगावे लागत नाही. आणखी एक गोष्ट: संपूर्ण कादंबरीत या माणसाला बाबा याखेरीज नाव नाही, पण हसन त्याला जन्मभर "आगा साहेब" म्हणतो. मराठी वाचकाच्या कानाला "बाबा" इतके घरचे वाटते की हा फरक निसटून जातो.

त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. अमीरकडे पाहिले की बाबांना हक्काने वाढवता येणारा मुलगा दिसे, आणि त्याच वेळी ज्याला तो हक्क देता आला नाही तो दुसरा मुलगाही आठवे. मुलगा नावडता नव्हता, तो बापाला आपल्याच अपराधाची आठवण करून देत होता.

शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या रुस्तुम-सोहराबचा विषय निघेलच, कारण डाळिंबाच्या झाडाखाली अमीर हसनला तीच कथा वाचून दाखवतो आणि हसन आपल्या मुलाचे नावही सोहराब ठेवतो. बापाने न ओळखता मुलाला मारल्याची ती गोष्ट आहे. आपल्याकडे बभ्रुवाहनाच्या हातून अर्जुन पडतो, म्हणजे बाण उलट दिशेने सुटतो, एवढी तुलना पुरे.

शेवटच्या ओळीत डावीकडे २००२ आणि उजवीकडे फ्रीमाँटमधले उद्यान लिहावे: अमीर पेच जिंकतो आणि कटलेला पतंग आणण्यासाठी हसनच्या मुलापुढे स्वतः धावत सुटतो. या ओळीत बापाच्या जागी कोणाचे नाव लिहायचे यावरून आमच्याकडे दोनदा वाद विकोपाला गेले. म्हणून बाकीचा कागद मी शाईने भरतो आणि ती एक जागा पेन्सिलने.