मुलाचा अंतरिम ताबा : पुरसिसवर सही करण्याआधी या चुका टाळा

'मुलगा गणपतीत वडिलांकडे राहील.' वकिलीच्या सुरुवातीला एका पुरसिसमध्ये, म्हणजे पक्षकारांनी सही करून कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, हे वाक्य मीच लिहिलं होतं. सासर-माहेर दोन्ही कोकणातलं, अर्थ कुणाला कळणार नाही? पण आईच्या माहेरचा गणपती दीड दिवसाचा, वडिलांकडचा अकरा दिवसांचा. तिसऱ्या दिवशी ती मुलाला आणायला गेली आणि भांडण पेटलं. ज्याच्या मारहाणीमुळे घर सोडलं, त्याच्याच अंगणात तिला उभं राहावं लागलं. चूक माझ्या वाक्याची होती.

छळाचा आरोप असेल तर भेटीचा मजकूर एसटीच्या वेळापत्रकासारखा हवा. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मुक्काम आहे की नाही, मुलाला कोण नेणार, कोण आणणार. मूल सोपवायचं ते कोर्टाच्या आवारात किंवा स्टँडवर, मामा नाहीतर आजीच्या हातून; दोघांपैकी कुणाच्याच घरी नाही. व्हिडिओ कॉलचंही तसंच. पावसाळ्यात आपल्याकडे रेंज जाते, तेव्हा हुकलेला कॉल दुसऱ्या दिवशी होईल, एवढं लिहून ठेवा. नाहीतर 'मुद्दाम फोन बंद ठेवला' असा अर्ज आलाच म्हणून समजा.

बऱ्याच अर्जांत पोटगी असते, घर असतं, मुलाचा ताबा मागायचाच राहतो. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी पीडितेला तात्पुरता ताबा देऊ शकतात; भेटीमुळे मुलाला अपाय होईल असं त्यांचं मत झालं तर भेट नाकारावीच लागते. मुंबईहून माहेरी आलेल्या बाईला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही हा अर्ज चालतो. 'पाच वर्षांखालचं मूल आईचंच' यावर मात्र विसंबू नका. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात 'साधारणपणे' हा शब्द आहे.

'सतत छळ करतो' एवढ्याने अंतरिम टप्प्यावर, म्हणजे अंतिम निकालाआधी, फारसं काही हाती लागत नाही. कोणत्या दिवशी, कुठे, मुलाने काय पाहिलं, ते लिहा. सरकारी दवाखान्याचा केसपेपर आणि घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल जोडा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट देणार असाल तर २०२३ च्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र विसरू नका.

मुलाला पढवणं तर नकोच. न्यायाधीशांना ते चटकन कळतं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर घरी पुन्हापुन्हा विचारत बसू नका. थेट पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आणि आदेश झाल्यावर घाबरून भेट परस्पर बंद करू नका. मार खाल्लेल्या बाईवरच आदेश मोडल्याचा ठपका येतो. भेटीत काही घडलं तर लगेच घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २५ खाली आदेश बदलण्याचा अर्ज द्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा; तिथे मोफत वकील मिळायला स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.